आंबिलीतलं देवक

नामुबिरूच्या निलंबनाचं पत्र मी तिच्या घरी नेऊन दिलं. मी बुगांडातल्या एका संशोधन केंद्राचा भांडारपाल, पत्रं वाटणं माझं काम नव्हे. पण कचेरीतल्या एकाचीही तिच्या दारात उभं राहायची छाती झाली नाही, आणि मी पडलो तिचा शेजारी.

ती अंगणात केळीच्या पानांत मटोकेची हिरवी केळी बांधत बसली होती. तिने हात पुसले, पत्र वाचलं, घडी घालून गोमेसी झग्याच्या रुंद कमरपट्ट्यात खोचलं.

"कलांझी, जेवून जा," ती म्हणाली.

"नालोंगो, पत्र नीट वाचलंत ना?"

"वाचलं की. माफीनामा लिहून दिला तर परत घेतील म्हणतात. शेंगदाण्याचं कालवण आहे जोडीला. बस."

मी बसलो आणि पोटभर जेवलो. माफीनामा तिने त्या दिवशी लिहिला नाही आणि आजतागायत लिहिलेला नाही. का लिहिला नाही ते सांगतो, कारण शहरातल्या पेपरांनी त्याची पार भेळ करून टाकली आहे. एकाने तिला विज्ञानाची वैरीण म्हटलं, दुसऱ्याने विज्ञानाचा बळी. ती यातली कोणीच नाही. ती आमच्या टेकडीवर बावीस वर्षं विरजण सांभाळणारी बाई आहे.

तिला जुळं झालं, म्हणून सगळे तिला नालोंगो म्हणतात. हा मान राजाकडूनही मिळत नाही, तो स्वतःच्या पोटातूनच यावा लागतो. तिचा बाप केळ्यांची दारू गाळायचा. लाकडाच्या लांबलचक डोणीत केळी तुडवायची, वर ज्वारी टाकायची आणि आंबण्याची वाट बघायची. बाप दारू विकायचा आणि उरलेली स्वतः प्यायचा, त्यामुळे डोणीवर लक्ष ठेवायचं काम आठ वर्षांच्या नामुबिरूकडे आलं. नुसत्या वासावरून ती सांगायची, आज चांगलं चाललंय, आज बिघडतंय. शाळा सातवीपर्यंतच झाली, पण नाकाची शाळा पक्की झाली.

केंद्रात ती आली बाटल्या धुवायला. एके सकाळी बाटली धुता धुता थांबली, टेबलावरचं विरजण हुंगलं आणि डॉक्टरांना म्हणाली, "हे मेलंय."

डॉक्टर ब्यारुहांगा तेव्हा नुकतेच परदेशातून शिकून आले होते. पश्चिमेकडच्या त्यांच्या मुलखात प्रत्येकाला एक लाडाचं नाव असतं. त्यांचं अमोटी, म्हणून आम्ही त्यांना डॉक्टर अमोटीच म्हणतो.

"यंत्र तर सगळं ठीक दाखवतंय," ते म्हणाले.

"यंत्राला नाक कुठाय?"

दोन दिवसांनी यंत्रानेही कबूल केलं. डॉक्टरांनी तिच्या हातातली बाटली काढून घेतली आणि तिला पांढरा कोट दिला. त्यांचा हा मोठेपणा मी विसरणार नाही. 

तेव्हापासून दोघांची जोडी. परदेशातून मागवलेली रसायनं बर्फाच्या खोक्यातून निघायची आणि आमच्या विमानतळावर शिक्क्यांची वाट बघत कोमट व्हायची. माझ्या भांडारात यायची ती मढी. मी नोंद करायचो आणि फेकून द्यायचो. शेवटी नामुबिरूच म्हणाली, "दुसऱ्याच्या बर्फावर आपला संसार कसा चालणार, डॉक्टर? इथेच करू." मग त्यांनी साध्या जिवाणूंना हवी ती जनुकं देऊन ती रसायनं इथेच करून घ्यायला सुरुवात केली. ती भल्या सकाळी येऊन पातेल्यांसारखी ती भांडी हुंगत फिरायची. शेजारच्या देशांतले लोकही आमच्याकडे मागायला येऊ लागले. त्या दिवसांत ती टेकडी चढताना मान ताठ ठेवूनच चढायची.

पण तिचा जीव होता आंबिलीत.

तिचा धाकटा जुळा काटो नऊ महिन्यांचा असताना उडाला. जुळं मूल गेलं तर आमच्यात 'मेलं' म्हणत नाहीत, उडालं म्हणतात. सकाळी केलेली पेज तिने दुपारी पाजली होती. गरमीत ती नासली होती, आणि त्या दिवशी हिला सर्दी. "जन्मभर ज्या नाकावर जगले, त्याने एकच दिवस दगा दिला," असं ती मला एकदाच म्हणाली. थोरला, वासवा, वाचला.

म्हणून डॉक्टरांनी लहान मुलांच्या आंबिलीसाठी विरजणाचा विषय काढला, तेव्हा ती एखाद्या तरुण पोरीच्या हुरूपाने कामाला लागली. नाचणीच्या पेजेत चिमूटभर पूड टाकायची. चार तासांत आंबील होते, आणि आंबट झालेली आंबील दुसऱ्या दिवसापर्यंत नासत नाही. अडचण एकच होती. वाळवलेलं विरजण फ्रिजशिवाय पंधरा दिवसांत मरायचं, आणि गावात फ्रिज आहे कोणाकडे? मग डॉक्टरांनी त्यात एक नवीन जनुक घातलं, ज्याने जिवाणू कोरडे पडले तरी नुसते झोपतात, मरत नाहीत. त्या वाणाला त्यांनी सात नंबर दिला. सात नंबरचा डबा माझ्या पत्र्याच्या छपराखाली चौदा महिने पडला होता. उघडून पेजेत टाकला, चार तासांत आंबील तयार. त्या दिवशी डॉक्टर नाचले आणि नामुबिरू भांड्यांच्या खोलीत जाऊन रडली.

प्रत्येक घाण्याची चव तीच घ्यायची. चमचाभर जिभेवर, डोळे मिटून. दोन वर्षं, रोज. पोटाच्या तक्रारी, रक्ताच्या तपासण्या, सगळं रीतसर झालं. पाच गावांतल्या मोठ्या माणसांनी पिऊन झालं, परवानगीचे कागद आले. आता फक्त आयांना बोलावून, मुलांना पाजून दाखवायचा जाहीर कार्यक्रम उरला होता. त्यासाठी गावात वाटायचं माहितीपत्रक लुगांडा भाषेत झालं आणि डॉक्टरांनी ते तिच्यापुढे ठेवलं. बायकांना समजेल का, तेवढं बघा, म्हणाले.

ती मोठ्याने वाचू लागली. मी तिथेच झाकणं मोजत होतो.

"'या विरजणात एका माशाचा गुण उतरवलेला आहे.' कोणता मासा, डॉक्टर?"

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"कोणता मासा?"

"मंबा," डॉक्टर म्हणाले.

आता हे ज्याला कळणार नाही असा माणूस आमच्या मुलखात तरी नाही. प्रत्येक कुळाला आपलं देवक आहे. देवक मारायचं नाही, खायचं नाही. माझं कुळ नाकतोड्यांचं. नोव्हेंबरात नाकतोडे येतात तेव्हा अख्खं गाव कढया घेऊन बसतं, आणि मी उपाशी तोंडाने वास घेत हिंडतो. नामुबिरू दरवर्षी कुंपणावरून ओरडते, "कलांझी, तुझे भाऊबंद बघ कसे तडतडतायत!" आणि तिचं कुळ मंबाचं. उन्हाळ्यात तळं आटलं की चिखलात स्वतःला लिंपून महिनोन् महिने झोपणारा तो लांबोळा मासा. बुगांडात या कुळाएवढं मोठं कुळ दुसरं नाही.

ती बाहेर नळावर गेली, तीनदा चूळ भरली. परत आली आणि शेगडीवरचं भांडं हलवू लागली, कारण घाणा अर्धवट होता आणि तसा सोडला असता तर नासला असता.

डॉक्टर तिच्यामागे मागे. "नालोंगो, ऐका तरी. एकही मासा कापलेला नाही. मी तर मंबा हातातही धरला नाही. त्या जनुकाची अक्षरं संगणकावर वाचली, यंत्रात जुळवली. नुसती अक्षरं आहेत ती! मला खरंच सुचलं नाही हो."

"तुम्हाला नाही सुचलं, डॉक्टर. तुमच्या आईला सुचलं असतं."

संध्याकाळी कुंपणापाशी मीही शहाणपणा करायला गेलो. म्हटलं, "नालोंगो, डॉक्टरांचं बरोबर आहे. अक्षरंच ती. अक्षर कोणी खातं का?"

"बरं," ती म्हणाली. "आठव्या नंबरात नाकतोड्याची अक्षरं घालायला सांगते. पिशील?"

मी कोंबड्यांकडे बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी ती बोडावर, म्हणजे भाड्याच्या मोटारसायकलवर बसून आपल्या कुळशाखेच्या जज्जांकडे गेली. जज्जा म्हणजे आमच्यात आजोबा, कुळशाखेतला वडीलधारा. हे नव्वदीचे, कानाने अधू, पण डोकं तल्लख. तिने गुडघे टेकून सगळं सांगितलं. दोन वर्षं मी चाटतेय, मी बाटले का?

जज्जांनी बराच वेळ पाइप ओढला. मग म्हणाले, "अक्षर म्हणजे मासा की नाही, हे मला कळत नाही. मेल्यावर पूर्वजांना विचारतो. पण नकळत खाणाऱ्याला दोष नसतो, पोरी. दोष जाणून वाढणाऱ्याला." आणि पाइप झटकत त्यांनी विचारलं, "आता तुला कळलं. आता वाढणार कोण आहे?"

वाढणार तीच होती. कार्यक्रमात आयांना आंबील वाढायला तिलाच नेमलं होतं, कारण गावच्या बायका कोटवाल्या डॉक्टरांवर नाही, जुळ्यांच्या आईवर विश्वास ठेवतात.

परत आली ती ठरवूनच. मंबाचं नाव पत्रकात आणि पाकिटावर हवं. डॉक्टर आठवड्याभरात तयार झाले. अपराधी माणूस लवकर तयार होतो. पण पाकिटावर काय लिहायचं ते ठरवणारे होते बागुमा साहेब. असल्या नव्या जिवांच्या नियमांचा मसुदा करणाऱ्या समितीचे ते सचिव. मसुदा परदेशी सल्लागाराने लिहून दिलेला, साहेबांनी त्यावर फक्त देशाचं नाव घातलेलं. त्यात पाकिटावर शेंगदाणा आहे का, गहू आहे का, दूध आहे का, ते छापायची सक्ती होती. आम्ही सकाळ-संध्याकाळ शेंगदाण्याचं कालवण ओरपणारे लोक! देवकाचा त्यात शब्द नव्हता.

साहेब हसले. "नालोंगो, कायद्यात अंधश्रद्धा घालू? परदेशी पाहुणे काय म्हणतील? पाकिटावर मंबा लिहिलं तर निम्मं बुगांडा हात लावणार नाही. मग मुलं मरतील ती कोणाच्या माथी?"

हा घाव वर्मी होता. काटोचं साहेबांना माहीत नव्हतं, पण मला माहीत होतं.

"माझ्याच माथी," ती म्हणाली. "म्हणून तर सांगूनच पाजायचं. आज लपवलंत आणि उद्या कळलं, तर हे विरजणच नाही, तुमची लसीची सुईसुद्धा कोणी टोचून घेणार नाही."

"कार्यक्रमात मंबाचा उच्चार करायचा नाही. हा हुकूम समजा."

गोष्ट टेकडीवरून खाली पाझरलीच. चार दिवसांनी कसिर्ये नावाचा गृहस्थ तिच्या दारात हजर. असल्या नव्या पिकांविरुद्ध, नव्या औषधांविरुद्ध मोर्चे काढणारा हा माणूस. चपात्या, फळं, गोड बोलणं, सगळं घेऊन आला. रेडिओवर चला म्हणाला. यांनी मला फसवून विष पाजलं, एवढंच बोला.

"विष नाही ते," नामुबिरू म्हणाली. "विष असतं तर दोन वर्षांत मी कधीच गेले असते. न सांगितलेलं आहे, एवढंच."

"लोकांना एवढा बारीक फरक कळत नाही, नालोंगो."

"तुम्हालाही लोक मूर्खच वाटतात का? मग तुमच्यात आणि त्या साहेबात काय फरक? फळं उचला."

फळं त्याने उचलली नाहीत. ती मी खाल्ली. आंबे चांगले होते.

कार्यक्रमाच्या दिवशी फणसाच्या झाडाखाली साठेक बाया जमल्या, कडेवर पोरं, मागे नवरे उभे. समोर टेबलावर बागुमा साहेब आणि पाहुणे, त्यांच्यापुढे मानाचे पेले भरून ठेवलेले. गर्दीत एका बाजूला कसिर्ये, फोन उगारून. नामुबिरूने ठेवणीतली पिवळी गोमेसी घातली होती. मोठ्या पातेल्याशेजारी ती उभी राहिली, पळी हातात घेतली आणि वाढायच्या ऐवजी बोलायला लागली.

"बायांनो, पेले हातात घ्यायच्या आधी ऐका. हे विरजण मी केलंय, चांगलं झालंय. पण यात मंबा आहे."

घोंघावल्यासारखा आवाज गर्दीतून उठला.

"मासा कापलेला नाही. त्याच्या अंगात कोरडं पडून जगायचा जो गुण आहे, तो डॉक्टरांनी अक्षर अक्षर जुळवून यात घातलाय. हे देवक खाणं होतं का, ते मला माहीत नाही. डॉक्टरांना माहीत नाही. या साहेबांना तर नाहीच नाही. ज्याचं त्याने ठरवा. पण ठरवायला आधी कळावं लागतं, म्हणून सांगितलं."

बागुमा साहेब ताडकन उठले. "नालोंगो, पळी खाली ठेवा! हा कार्यक्रम सरकारी आहे."

"आंबील माझी आहे, साहेब."

मग ती टेबलापाशी गेली आणि साहेबांपुढे दोन्ही गुडघे टेकले. आमच्याकडे बायका वडीलधाऱ्यांशी असंच बोलतात. साहेबांना वाटलं बाई नरमली. चेहरा सैल करून त्यांनी समोरचा पेला उचलला, म्हणाले, "ठीक आहे, ठीक आहे. उठा."

"उठते. आधी एक विचारते. तुमचं देवक कोणतं?"

साहेब गडबडले. पण साठ बायांसमोर देवक नाकारायचं धाडस मंत्र्यालाही होत नाही. "हरीण," ते म्हणाले. "रानातलं ठिपक्यांचं."

"त्या पेल्यात तुमच्या हरणाचं अक्षर असतं आणि मी हसत हसत वाढलं असतं, तर?"

साहेबांनी पेल्यात पाहिलं. मग तो अगदी हळू टेबलावर ठेवला.

अख्खं अंगण हसलं. पाहुणे एकमेकांना विचारू लागले, काय झालं, काय झालं? "प्या की, साहेब," नामुबिरू गुडघ्यांवरूनच म्हणाली. "अंधश्रद्धा ना? आणि यात हरीण नाहीच आहे." साहेबांनी काही तो पेला पुन्हा उचलला नाही.

इथवर मजा होती. पण हसू ओसरलं आणि पुढच्या रांगेतली एक बाई उठली. दणकट, कडेवर किरकिरं पोर. 

"नालोंगो, तुम्ही मंबाच्या. हे तुम्ही पिणार?"

"नाही," नामुबिरू म्हणाली. "दोन वर्षं नकळत प्याले. आता कळलं, आता नाही."

"मग आम्ही आमच्या पोरांना का पाजावं?"

कसिर्येचा फोन आणखी वर गेला. डॉक्टर अमोटी खाली मान घालून उभे होते. चार वर्षांचं काम त्या एका प्रश्नावर टांगलं होतं. बाई उठून गेली असती तर मागोमाग पन्नास गेल्या असत्या, आणि त्यांच्या घरी दुपारची पेज दुपारी नासत राहिली असती. मला मनातून नामुबिरूचा राग आला. गप्प बसली असती तर काय बिघडलं असतं?

ती उठली. गुडघ्यांची माती झटकली. "वासवा, आण तिला," म्हणाली.

तिचा मुलगा वासवा पुढे आला, दीड वर्षाची त्याची मुलगी घेऊन. नामुबिरूने नातीला कडेवर घेतलं, पळीतली आंबील वाटीत घेतली.

"मी मंबाची. पण पोरं बापाच्या कुळाची. माझा नवरा न्गेये कुळाचा, माकडाचं देवक. वासवा न्गेये, ही न्गेये. मला हे चालत नाही. हिला चालतं." आणि साठ बायांच्या डोळ्यांदेखत तिने नातीला चमच्याचमच्याने वाटी पाजली. पोरीने वाटी धरून ओढली, आणखी हवी म्हणून.

"माझा काटोही न्गेयेच होता," ती म्हणाली. तिने नातीचं तोंड पुसलं. "त्यालाही चाललं असतं. तेव्हा नव्हतं."

 मग ती दणकट बाई पोराला पुढे करून म्हणाली, "याचा बाप हत्तीच्या कुळाचा. वाढा."

पुढचा तासभर त्या फणसाखाली जे चाललं ते परदेशी सल्लागाराच्या सात पिढ्यांना सुचलं नसतं. आपल्या कुळात लग्न होत नाही, म्हणून मंबाच्या लेकींची सगळी पोरं दुसऱ्या कुळांची. त्या आया चव न घेता पाजत होत्या. आणि मंबाच्या सुना स्वतः पीत होत्या पण पोरांना देत नव्हत्या. नवरे मागून ओरडत होते, "अगं, जज्जांना विचारल्याशिवाय नको!" साठांतल्या बेचाळीस जणींनी पाजलं. अठरा जणी रिकाम्या वाट्या घेऊन गेल्या, पण रागावून नाही. जाताना एकीने डॉक्टरांना गाठलं. "अक्षरंच जुळवता ना? मग दुसऱ्या कशाची जुळवा. सुकून पुन्हा हिरवं होणारं गवत काय कमी आहे आमच्या माळावर?"

 डॉक्टरांना खरं तर आधी सुचायला हवं होतं ते हेच. त्यांनी लगेच खिशातून वही काढली आणि विचारलं, कोणता माळ?

तिसऱ्या दिवशी निलंबन. कारण, वरिष्ठांचा अवमान. कसिर्येने आपल्या फोनमधलं फक्त 'यात मंबा आहे' एवढं वाक्य कापून रेडिओवर वाजवलं. झालं उलटंच. मंबावाले नुसते भडकले नाहीत, बाकीची कुळंही जागी झाली. उद्या आमचं काय घालणार आहात? हत्तीवाले आले, बिबळ्यावाले आले, मशरूमवाले आले. समितीची जाहीर सुनावणी एरवी दहा खुर्च्यांत उरकायची. या वेळी लोक खिडक्यांत बसले होते. आमच्या नव्वदीच्या जज्जांना चौघांनी खुर्चीसकट उचलून आणलं. कुणीही विरजण बंद करा म्हणालं नाही. सगळे म्हणाले, करा, पण विचारून करा. मी नाकतोड्यांच्या वतीने बोललो. दोनच वाक्यं बोललो.

सुनावणीच्या आधी बागुमा साहेबांनी माणूस पाठवला होता. दोन ओळींचा माफीनामा लिहून द्या, कामावर या, प्रकरण मिटवू. माणूस माझ्यादेखत आला. नामुबिरू म्हणाली, "साहेबांना सांगा, त्या दिवशी पेला खाली ठेवलात ना, तोच तुमचा कबुलीजबाब समजते. आता माझ्याकडून काही लिहायचं उरलं नाही."

नियम पाच महिन्यांनी आले. चौदावा नियम असा: असं जनुक घातलेल्या खाण्याच्या प्रत्येक पाकिटावर ते ज्या जिवाचं, त्याचं नाव, लोक घरात बोलतात त्या भाषेत, आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी चित्र. खाली सही बागुमा साहेबांची. माणूस शिकला म्हणायचं, की वारा बघून सूप धरलं, देव जाणे. निलंबन आपोआप उठलं. माफीनाम्याची जागा फायलीत अजून रिकामी आहे.

ती पहिल्या दिवशी परत आली तेव्हा टेबलावर नवी पाकिटं होती. मंबाचं चित्र असलेली आणि गवताचं चित्र असलेली. गवताचा वाण अजून कच्चा आहे, सहा महिन्यांतच दम सोडतो, पण डॉक्टर इरेला पेटले आहेत. तिने मंबाचं एक पाकीट उचललं, चित्रावरून अंगठा फिरवला आणि पिशवीत टाकलं. घरी दोन्ही मुलांच्या नाळा तिने जपून ठेवल्या आहेत. ते पाकीट काटोच्या नाळेपाशी ठेवल्याचं मला वासवाने सांगितलं.

मग तिने भांड्याचं झाकण काढलं, वास घेतला, आणि चमचा माझ्यापुढे धरला.

"मी?" मी म्हटलं. "मी भांडारपाल आहे, नालोंगो!"

"नाकतोडा आहेस. तुला चालतं. घे."

मी घेतला चमचा. डोळे मिटले, ती मिटायची तसे. आंबिलीची चव ओळखायची अक्कल मला कुठली? पण ती जवळ उभी होती, आयुष्यभर स्वतःच्या जिभेवर भरवसा ठेवलेली बाई, आणि माझ्या तोंडाकडे बघत होती.

"फक्कड!" मी म्हटलं.

"फक्कड नको. उद्या हे पोरांच्या पोटात जायचंय. जिभेवर काय आलं ते सांग."

मी पुन्हा चमचा बुडवला. या वेळी नीट घेतला.

"आंबट आहे," मी म्हटलं. "पण मागून थोडं कडवट लागतंय."

तिने घाणा तिथल्या तिथे ओतून दिला.